चार जॉब कार्डे झाली, तरी डाव्या मॅटखालचे पाणी थांबत नाही

कोथरूडचा कारवाला — 17 ऑगस्ट 2025

नमस्कार. हकीकत थोडी लांब आहे, पण अर्धवट सांगितली तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

माझ्याकडे मार्च 2022 मध्ये घेतलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. आजवर 38,000 किलोमीटर चालली असून वॉरंटी पाच वर्षांपर्यंत वाढवून घेतलेली आहे. सगळ्या सर्व्हिसिंग ठरलेल्या वेळी त्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये केलेल्या आहेत. कंपनीचे आणि सेंटरचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बदनामी करायची नसून गाडी दुरुस्त करून हवी आहे. आमच्या सोसायटीत झाकलेले पार्किंग नाही, त्यामुळे गाडी वर्षभर गुलमोहराखाली उभी असते.

जूनच्या मध्यावर जोराचा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी चालकाशेजारच्या, म्हणजे डाव्या सीटच्या पुढची मॅट ओली दिसली. मॅट उचलून कार्पेट दाबले तर बोटांच्या भोवती पाणी वर आले. 21 जूनला गाडी सेंटरला नेली आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला मॅट उचलून दाखवली. त्यांनी एसीची ड्रेन नळी चोंदली असेल असे सांगून एसीची सफाई केली आणि 2,360 रुपये घेतले. पुढच्या पावसात पुन्हा तेच झाले, शिवाय ब्लोअर, म्हणजे एसीची हवा आत ढकलणारा पंखा, सुरू केला की किरकिर असा आवाज येऊ लागला. 5 जुलैला ब्लोअरची मोटर बदलण्यात आली. पाणी बाहेरून शिरल्यामुळे मोटर बिघडली, सबब वॉरंटी लागू नाही, असे कारण देऊन 11,912 रुपये माझ्याकडून घेतले. पाणी बाहेरून शिरते हे मान्य असेल तर ते कोठून शिरते हे शोधा, असे मी म्हणालो. त्यावर ‘आता नाही येणार, सर’ एवढेच उत्तर मिळाले. 19 जुलैला तिसऱ्यांदा गाडी पाच दिवस ठेवून घेतली, डाव्या दरवाजाचे रबर बदलले, कार्पेट वाळवले आणि गाडी धुऊन परत दिली.

चौथी खेप 9 ऑगस्टची. (राखीपौर्णिमा असल्याने बहिणीकडे बसने जावे लागले, हे जाता जाता.) तोपर्यंत सेंट्रल लॉक आपोआप उघडबंद होऊ लागले होते आणि छतातला दिवा मनात येईल तेव्हा लागत होता. दोन दिवसांनी फोन आला की उंदरांनी वायरिंग कुरतडले आहे, संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींची एकत्र बांधलेली जुडी, बदलावा लागेल, आणि उंदरांचे नुकसान वॉरंटीत बसत नाही. एस्टिमेट 70,444 रुपयांचे आहे: हार्नेस 46,000, त्यावर 28 टक्के जीएसटी, मजुरी 9,800, त्यावर 18 टक्के. पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कुरतडलेल्या वायरचा फोटो आला. रात्री तो फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा वायरीच्या मागे फिकट तपकिरी रंगाचे कार्पेट दिसले. माझ्या गाडीचे कार्पेट काळे आहे.

मी काम करू न देता 14 तारखेला गाडी परत आणली. फोटोबद्दल विचारले तर अ‍ॅडव्हायझर म्हणाले, ‘फ्लोअरवरून आला आहे, विचारून सांगतो.’ अजून सांगितलेले नाही. आता मी काय करावे? बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये दाखवले तर उरलेली वॉरंटी जाईल का? आणि आजवर गेलेले 14,272 रुपये परत मागता येतात का, की ते पाण्यातच गेले असे समजायचे?

जुना वर्कशॉपवाला — 17 ऑगस्ट

मी बावीस वर्षे अधिकृत वर्कशॉपांमध्ये काढली. आधी नाशिकला मेकॅनिक होतो, नंतर चिंचवडला अ‍ॅडव्हायझर आणि शेवटची काही वर्षे वर्क्स मॅनेजर. आता निवृत्त आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलू शकतो.

सर्वप्रथम एक काम करा. चारही जॉब कार्डांच्या (गाडी जमा करून घेताना सेंटर भरते त्या कामाच्या कागदांच्या) प्रती काढा आणि त्यांतला ‘ग्राहकाची तक्रार’ हा रकाना वाचा. बिल नव्हे, जॉब कार्ड. तुम्ही तोंडाने काय सांगितलेत याला वर्कशॉपमध्ये काहीही अर्थ नसतो. अ‍ॅडव्हायझर तुमच्याशी बोलतो तेव्हा त्याच्या समोरच्या संगणकात तक्रारींची एक तयार यादी असते आणि तो तिच्यातले जवळचे काहीतरी निवडतो, कारण मागे आणखी सात जण टोकन घेऊन उभे असतात. ते कार्ड आत जाते. जो मेकॅनिक गाडीला हात लावणार आहे तो तुम्हाला कधीच भेटत नाही. त्याच्या हातात कार्ड आणि किल्ली एवढेच येते. कार्डावर ‘एसी तपासणे’ लिहिले असेल तर तो एसीच तपासेल आणि तो चोख तपासेल. म्हणून पहिल्या खेपेस तुम्हाला जे मिळाले त्यात मला नवल वाटले नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक कामाला कंपनीने ठरवून दिलेला वेळ असतो आणि मजुरी त्या हिशेबाने लागते. ब्लोअर मोटर बदलणे हे ठरलेले काम आहे, त्याला वेळ आहे, पार्टची विक्री आहे. ‘पाणी कोठून येते ते शोधणे’ याला मात्र धड वेळही नाही आणि विक्रीही नाही. एखादा मेकॅनिक दोन तास पाइप धरून बसला तर संध्याकाळी सुपरवायझर त्यालाच विचारतो, दिवसभर काय केलेस म्हणून. गळती शोधण्यात हातखंडा असलेली माणसे प्रत्येक वर्कशॉपमध्ये एकदोन असतात, पण त्यांच्याकडे गाडी जावी लागते.

फोटोविषयी. तुम्ही फसवणूक असे म्हटलेले नाही, ते बरे केलेत. फ्लोअरवरच्या मुलाच्या मोबाइलमध्ये अशा पन्नास गाड्यांचे फोटो असतात आणि घाईत दुसऱ्याच गाडीचा जाणे मी अनेकदा पाहिले आहे. तथापि चुकीचा फोटो गेला असेल तर बरोबर फोटो दहा मिनिटांत मिळायला हवा होता. तो अजूनही मिळत नाही, याचा अर्थ लावायला बावीस वर्षांचा अनुभव लागत नाही.

आणखी एक. कॅलेंडर काढून पाहिले: तुमच्या चारही तारखा शनिवारच्या आहेत. नोकरदार माणसाची अडचण समजते, परंतु पावसाळ्यातल्या शनिवारी वर्कशॉपची अवस्था लग्नाच्या हॉलसारखी असते. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊच्या आत जा, अ‍ॅडव्हायझरला नव्हे तर वर्क्स मॅनेजरला भेटण्याची वेळ आधी मेलने मागा, आणि कार्डावर तुमच्या शब्दांत तक्रार टाइप झाल्याशिवाय सही करू नका. तक्रार लिहिताना पार्टचे नाव घेऊ नका. ‘ब्लोअर बघा’, ‘वायरिंग बघा’ असे ग्राहकाने म्हटले की ते काम ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून’ होते आणि बिलही त्याच नावावर फाटते. लक्षण लिहा: पाऊस पडल्यावर डाव्या पुढच्या कार्पेटखाली पाणी साचते, कारण शोधून दाखवावे.

कोथरूडचा कारवाला — 18 ऑगस्ट

काका, आपण सांगितल्याप्रमाणे चारही कार्डे शोधून काढली. पहिल्यावर ‘एसी कूलिंग कमी’. दुसऱ्यावर ‘ब्लोअर आवाज’. तिसऱ्यावर ‘दरवाजा रबर तपासणे व वॉशिंग’. चौथ्यावर ‘सेंट्रल लॉक काम करत नाही’. एसीच्या थंडाव्याबद्दल मी आयुष्यात तक्रार केलेली नाही; उलट घरात सगळे तो कमी करा म्हणतात. चार कार्डे, चार सह्या माझ्या, आणि ‘पाणी’ हा शब्द एकाही कार्डावर नाही.

रंकाळ्याजवळचे गॅरेज — 18 ऑगस्ट

माझे कोल्हापुरात स्वतःचे गॅरेज आहे. आमच्याकडे पाऊस भरपूर आणि झाडेही भरपूर, त्यामुळे दर पावसाळ्यात अशा दहाबारा गाड्या येतात. गाडी समोर नसताना निदान करू नये हे खरे, पण आपण ‘गुलमोहराखाली’ असे लिहिले आहे आणि मला वाटते की सगळ्यात महत्त्वाची माहिती आपण ओघात देऊन टाकली आहे.

आधी पाणी कोणते ते ओळखावे. कार्पेटखाली पांढरा टिश्यू पेपर दाबून पाहा. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याला रंग नसतो, आणि ते पाऊस नसतानाही, एसी तासभर चालवला की येते. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, असेल तर बोटाला चिकट लागते, गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरते. ती शक्यता इथे दिसत नाही, कारण मग कूलंटच्या टाकीतली पातळीही उतरली असती. पावसाचे पाणी टिश्यूवर मातकट डाग सोडते. एक कोरडा दिवस एसी चालवून आणि एक ओला दिवस एसी बंद ठेवून पाहिलेत, तर घरबसल्या निम्मे निदान होते. त्यासाठी ना स्कॅनर लागतो ना जॉब कार्ड.

आता पावसाचे पाणी डाव्याच बाजूला का. वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते, तिला आम्ही काऊल म्हणतो. काचेवरून ओघळलेले पाणी त्या जाळीतून खालच्या पत्र्याच्या पन्हाळीत पडते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, आतून जमिनीवर जाते. त्याच पन्हाळीत, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, ब्लोअरसाठी बाहेरची हवा आत घेण्याचे तोंड असते. वडाचे किंवा बदामाचे मोठे पान जाळीवरच अडते. गुलमोहराची, चिंचेची, बाभळीची पाने तांदळाएवढी असतात, ती जाळीतून आत जातात, कुजतात आणि चहाच्या चोथ्यासारखा लगदा होऊन भोकाला बूच बसवतात. मग पन्हाळ भरते आणि पाणी त्या हवेच्या तोंडातून थेट ब्लोअरवर, तिथून डाव्या कार्पेटखाली. आपली ब्लोअर मोटर का गेली याचे उत्तर बहुधा हेच असावे. मोटर बदलून नळ तसाच चालू ठेवला, असे झाले आहे.

सेंट्रल लॉकचेही नवल नाही. डाव्या बाजूच्या खालच्या पॅनेलमागे बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे मोठे कनेक्टर असतात आणि ते दोन महिने ओलाव्यात राहिले की पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. तो थर म्हणजे तांब्याचा गंज. पिना साफ करून, वाळवून, वाईटच असेल तर तो एक कनेक्टर बदलून बहुतेकदा भागते. उंदीर आले असतील तर त्यांच्या लेंड्या दिसतात, वायरीवर दातांच्या दुहेरी खुणा दिसतात. उंदीर गुपचूप काम करीत नाही.

तपासणी कशी करावी तेही सांगतो, कारण नव्वद टक्के ठिकाणी ती चुकीची होते. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुऊन ‘गळत नाही’ असे म्हणण्याला अर्थ नाही. डावी मॅट आणि कार्पेट उचलावे, आत एक माणूस टॉर्च घेऊन आडवा पडावा आणि बाहेरून साध्या नळीने, जोर न लावता, खालून वर जात पाणी सोडावे: आधी दरवाजाचा तळ, मग दरवाजाची कड, मग काऊल, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी निदान पाच मिनिटे. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळते आणि ते शिरले कोठून हे कळत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण यात अवघड काही नाही.

वॉरंटीबद्दल. बाहेर नुसते तपासून घेतल्याने वॉरंटी जात नाही, फक्त काही उघडू किंवा कापू देऊ नका. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याच्या प्रकारावरून. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही त्या आदेशात होते. त्यावर पुढे अपिले झाली, त्यामुळे तो कागद घेऊन काउंटरवर भांडायला जाऊ नका. आपल्या वॉरंटी पुस्तिकेत काय छापले आहे ते वाचा आणि पाण्याचे निदान लेखी त्यांच्याकडूनच करून घ्या.

नागपूरकर — 19 ऑगस्ट

मी थोडे विरुद्ध बाजूने लिहितो. गेल्या वर्षी माझ्या गाडीतही उंदरांचे निदान झाले होते आणि मीही सर्व्हिस सेंटरवर संशय घेऊन चार दिवस वाद घातला होता. शेवटी त्यांनी मला आत नेऊन बॅटरीच्या खालचे घरटे दाखवले: त्यात आमच्याच घरच्या पायपुसण्याच्या चिंध्या होत्या. तेव्हा प्रत्येक वेळी सेंटर खोटेच बोलते असे धरून चालू नये. मात्र त्यांनी मला आत नेऊन दाखवले आणि तुम्हाला दुसऱ्याच गाडीचा फोटो पाठवला, हा फरक आहे आणि तो मोठा आहे.

काळा कोट — 20 ऑगस्ट

मी वकिली करतो. जिल्हा ग्राहक आयोगापुढची प्रकरणे नियमित असतात, म्हणून पैशांच्या प्रश्नापुरते लिहितो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपली तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ या सदरात येते. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेंटर किंवा कंपनीचे मुख्यालय कोठे आहे याने अडत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून घाईची गरज नाही, परंतु झोपूनही जाऊ नका. गाडी आपल्या वैयक्तिक नावावर आहे ना? कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर आपण ‘ग्राहक’ आहात की नाही यावरच समोरचा वकील पहिले सहा महिने काढतो.

आपल्या प्रकरणात मला दिसणारी कमकुवत बाजू आधी सांगतो. चारही कार्डांवर आपली सही आहे आणि एकावरही पाण्याची तक्रार नाही. सेंटर म्हणेल की ग्राहकाने एसी, ब्लोअर, रबर आणि लॉक अशा चार वेगवेगळ्या तक्रारी केल्या आणि चारही आम्ही निवारल्या. कागदावर ते खरे ठरेल. म्हणून आजच एक मेल पाठवा, त्यात चारही भेटींच्या तारखा, आपण तोंडी काय सांगितले होते आणि कार्डावर काय लिहिले गेले, एवढेच लिहा. विशेषणे वापरू नका. ‘लुटारू’, ‘भामटे’ हे शब्द आयोगापुढे वाचून दाखवले जातात तेव्हा तक्रारदाराला खाली मान घालावी लागते. दुसऱ्या भेटीच्या बिलावर ‘बाहेरून पाणी शिरल्याने’ असे काही छापले आहे का ते नीट पाहा. असेल तर तो आपला सर्वांत भक्कम कागद आहे, कारण पाणी शिरते हे त्यांना 5 जुलैलाच माहीत होते आणि तरीही ते कोठून शिरते हे शोधले नाही, हे त्यातून त्यांच्याच अक्षरात सिद्ध होते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मूळ संभाषणातच ठेवा, नवा फोन घेतलात तरी जुना पुसू नका.

कंपनीलाही मेलची प्रत द्या, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. डीलर हा आमचा एजंट नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे, हा कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो. गोव्यात एका ग्राहकाला नवी म्हणून दोन वर्षे जुन्या मॉडेलची गाडी दिली गेली होती, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये डीलरच्या चुकीसाठी उत्पादकाला जबाबदार धरले नाही, कारण उत्पादकाला त्याची माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. ‘माहिती होती’ हे पुढे दाखवता यावे म्हणूनच प्रत द्यायची.

आयोगात जाण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. ती न्यायालय नाही, तिला आदेश काढता येत नाही, परंतु तक्रार कंपनीच्या मुख्यालयातल्या टेबलावर पोहोचते आणि डीलरला तिथून फोन आला की सूर बदलतो. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे; प्रत्यक्षात किती लागतात हे मी इथे लिहीत नाही, माझे पक्षकारही हे वाचतात.

कोथरूडचा कारवाला — 28 सप्टेंबर

सर्वांना उत्तर द्यायला महिना लागला, त्याबद्दल दिलगीर आहे. मध्ये गणपती होते आणि गाडीचे पुढे काय होते ते पाहूनच लिहावे असे ठरवले होते.

कोल्हापूरच्या दादांनी सांगितलेली टिश्यूची परीक्षा केली. कोरड्या दिवशी तासभर एसी चालवून टिश्यू कोरडा राहिला. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी तो चहात बुडवल्यासारखा निघाला. मेल पाठवला, विशेषणे दोनदा खोडली. दुसऱ्या बिलावर ‘बाह्य पाणी प्रवेश, वॉरंटी अमान्य’ असे छापलेले सापडले. गाडी माझ्याच नावावर आहे. 1915 वर तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी वर्क्स मॅनेजरचा स्वतःहून फोन आला. या सेंटरला वर्क्स मॅनेजर आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

9 सप्टेंबरला, मंगळवारी, रजा टाकून सकाळी पावणेनऊला गेलो. अ‍ॅडव्हायझर तेच होते. त्यांनी ‘वॉटर लीकेज’ एवढे टाइप करून सहीसाठी कागद पुढे केला. मी काकांनी दिलेले वाक्य मोबाइलवरून वाचून दाखवले आणि ते पूर्ण येईपर्यंत पेन उचलले नाही. रकान्यात अक्षरे मावत नाहीत म्हणून त्यांना ते दोन ओळींत तोडावे लागले. त्यानंतर मॅनेजरांनी आतून एका वयस्क मेकॅनिकला बोलावले. मी त्यांना खालून वर पाणी सोडण्याबद्दल सांगायला लागलो, तर ते हसून म्हणाले, ‘साहेब, तुम्ही गाडी कुठल्या झाडाखाली लावता ते सांगा आधी.’

कार्पेट उचलून एक मुलगा टॉर्च घेऊन आत आडवा झाला. दरवाजाच्या तळाशी काही नाही, कडेला काही नाही. काऊलवर नळी धरल्यावर तिसऱ्या मिनिटाला आतून आवाज आला, ‘आलं, आलं!’ वायपर आणि जाळी उतरवली तेव्हा पन्हाळीत चार बोटे पाणी उभे होते. त्या मेकॅनिकनी डाव्या भोकात बोट घातले, ओढले, आणि काळ्या लगद्याची एक मूठ माझ्या हातातल्या वर्तमानपत्रावर ठेवली. त्यात गुलमोहराची एक अख्खी पाकळी होती, अजून तांबूस. भोक मोकळे होताच पाणी फेंडरमधून सळसळत जमिनीवर गेले. सगळे मिळून पंचेचाळीस मिनिटे लागली.

खालच्या पॅनेलमागच्या कनेक्टरच्या पिनांवर सांगितल्याप्रमाणे हिरवा थर होता. त्या साफ केल्यावर सेंट्रल लॉक सुरळीत चालू लागले, त्याला आता तीन आठवडे होत आहेत आणि या काळात पाऊसही चांगला झाला. वायर कोठेही कुरतडलेली नव्हती. मी त्या मेकॅनिकना तसे कार्डावर लिहायला सांगितले आणि त्यांनी मॅनेजरकडे एकदा पाहून लिहिले. या कामाचे पैसे घेतले नाहीत. नागपूरच्या सद्गृहस्थांसाठी: उंदरांविषयी माझा आकस नाही, फक्त या प्रकरणात ते निर्दोष आहेत.

ब्लोअरचे 11,912 रुपये परत मिळावेत असा लेखी अर्ज दिला आहे. एसी सफाईच्या 2,360 वर मी पाणी सोडले, कारण सफाई त्यांनी खरोखर केली होती. पहिले उत्तर ‘सदिच्छा म्हणून पुढील सर्व्हिसवर सवलत’ असे आले, ते मी नाकारले. काळा कोट, आपला सल्ला हवा आहे: त्यांनी सवलतीच्या पत्रात ‘ग्राहकाच्या तक्रारीचे पूर्ण निवारण झाले’ असे वाक्य घातले आहे. त्यावर उत्तर न देणे चालेल की हरकत लेखी नोंदवावी?

एक गंमत राहिली. 23 तारखेला सेंटरच्या दुसऱ्याच एका मुलीचा फोन आला. सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबरपासून 28 वरून 18 टक्के झाल्यामुळे माझ्या प्रलंबित एस्टिमेटमधील वायरिंग हार्नेस आता 4,600 रुपयांनी स्वस्त पडेल, तेव्हा गाडी केव्हा आणता, असे ती विचारत होती.

कार्पेटखालचा फोम अजून गच्चीवर वाळत घातलेला आहे. दुपारी ऊन पडले की वास येतो, म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजींनी तो टाकीच्या पलीकडे सरकवून ठेवला आहे.

काळा कोट — 28 सप्टेंबर

हरकत लेखी नोंदवा, आणि ती आजच नोंदवा. एवढेच लिहा की सवलत स्वीकारलेली नाही, 11,912 रुपयांची मागणी कायम आहे, आणि 5 जुलैचे बिल व 9 सप्टेंबरचे जॉब कार्ड सोबत जोडले आहे. तीस दिवसांत रक्कम आली नाही तर मला पुन्हा लिहा. 23 तारखेचा तो फोन कोणत्या क्रमांकावरून आला होता, तेवढे मात्र जपून ठेवा.